हायड्रोजनच्या बाजूचे बोल्ट

दत्तराव खिल्लारे मूळचे चुडाव्याचे. वडील रेल्वेच्या गँगमध्ये रुळांवर होते, म्हणून मुलगा हाताशी आल्यावर पूर्णेच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे फिटरचा मदतनीस म्हणून लागला, यात कुणाला विशेष वाटलं नाही. विशेष होता तो त्याचा हात. इंजिनाच्या पोटाखाली, जिथं उजेड पोचत नाही अशा जागी, नुसत्या बोटांनी चाचपून दत्तराव सांगायचे, हा नट ढिला आहे, हा बरोबर आहे आणि हा कुणीतरी पिळून पिळून मारला आहे. शेडमधल्या जुन्या फिटरनं त्यांना शिकवलं होतं, की पाना ओढताना एक जागा अशी येते, तिथं लोखंडच उलट आपल्याला ओढायला लागतं. तिथं थांबायचं. त्याच्या पुढं गेलं की बोल्ट ताणतो, त्याची मान बारीक होते आणि तो कामातून जातो. ती जागा काहींना जन्मभर सापडत नाही. दत्तरावांना पहिल्याच वर्षी सापडली.

छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गीताबाईशी त्यांचं लग्न झालं. शेडमधली नोकरी टेंपररीच राहिली आणि एका वर्षी माणसं कमी केली त्यात गेली. मग परभणीच्या बाहेर सरकीच्या तेलाच्या एका गिरणीत ते फिटर म्हणून लागले. पुढं त्या गिरणीच्या मालकांनी शेजारीच वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि दत्तराव तिकडं गेले. तिथल्या लोकांमध्ये एक बोलणंच होऊन बसलं होतं, दत्तरावनं आवळलेलं सुटत नाही. दत्तराव ते ऐकायचे आणि तंबाखू मळायचे. पण त्यांना ते आवडायचं.

तेलाचं तूप करायला हायड्रोजन लागतो. तापलेल्या तेलात तो मुरवला, की तेल थिजतं. हा हायड्रोजन कारखान्यातच तयार व्हायचा. त्यासाठी मागच्या बाजूला, सगळ्यांपासून दूर, एक लांबट इमारत होती. तिला गॅसघर म्हणायचे. आत लोखंडी टाक्यांची रांग, टाक्यांत कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि पाण्यात बुडालेल्या बोल्टांनी वरून टांगलेले पत्रे, जोडीजोडीनं. वीज सोडली की पाणी फुटायचं. जोडीतल्या एका पत्र्यावर हायड्रोजन सुटायचा, दुसऱ्यावर ऑक्सिजन. दोघांच्या मधे ॲस्बेस्टॉसच्या कापडाचा पडदा. पडदा धड आहे तोवर कसली भीती नाही. पण दोन्ही वायू एकमेकांत मिसळले आणि ठिणगी पडली, तर ती टाकी म्हणजे बॉम्ब.

गॅसघर सांभाळायला सटवाजी होता. झरीचा. दत्तरावांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, काळासावळा, सतत काहीतरी गुणगुणणारा. सांध्यांवर साबणाचा फेस लावून गॅस कुठं गळतो का ते बघणं हे त्याचं मुख्य काम आणि ते तो इतक्या मायेनं करायचा, की मुंजाजी फिटर त्याला म्हणायचा, "अरं, पाइपाला आंघूळ घालायलास का?" सटवाजी, त्याची बायको सरजाबाई आणि दोन मुली दत्तरावांच्याच गल्लीत राहायचे. सटवाजी त्यांना दादा म्हणायचा, म्हणून सरजाबाईही दादाच म्हणायची. तिच्या घरी काही गोडधोड झालं, की एक वाटी गीताबाईकडं यायचीच.

त्या काळात लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा. लाइट गेली की टाक्या बंद पडायच्या, पत्रे थंड व्हायचे आणि त्यांचे लोखंडी बोल्ट गंज धरायचे. दर थोड्या दिवसांनी गंजलेले बोल्ट कापून काढायचे आणि नवे घालायचे, असं चाललं होतं. कारखान्याचे मॅनेजर किशनराव या प्रकाराला कंटाळले. इंजिनिअर माणूस, स्वभावानं सरळ, मजुराला अरेतुरे न करणारा. एक दिवस त्यांनी दत्तरावांना ऑफिसात बोलावलं आणि टेबलावर एक बोल्ट ठेवला. पांढरा, घासून काढलेल्या चांदीच्या भांड्यासारखा.

"निकेल आणि तांब्याचं मिश्रण आहे. मुंबईहून मागवलेत. हे कॉस्टिकमध्ये गंजत नाहीत."

दत्तरावांनी तो हातात घेऊन फिरवला. नखानं ओरखडून बघितला. "लय कडक हाय साहेब."

"कडकच हवा. मुद्दाम तापवून कडक केलेले घेतलेत. पत्र्याचा भार पेलायला नको का?"

दत्तरावांना त्यात खोट काढण्यासारखं काही दिसलं नाही. कारखाना थांबवून त्यांनी आणि मुंजाजीनं सगळ्या टाक्यांचे बोल्ट बदलले. सटवाजी पत्रा धरायचा, दत्तराव आवळायचे. एकच हात, एकच पाना, हायड्रोजनच्या बाजूला आणि ऑक्सिजनच्याही. काम संपल्यावर सटवाजीनं पांढऱ्या बोल्टांच्या रांगेकडं बघितलं आणि म्हणाला, "दादा, नवरीच्या अंगावर दागिने घातल्यावानी दिसायलं की वो."

नंतरचे काही आठवडे कुणाला गॅसघरात पाना घेऊन जायची वेळच आली नाही. किशनराव खूश होते.

मार्च संपत आला होता, सकाळची वेळ. दत्तराव बॉयलरजवळ एक व्हॉल्व्ह खोलून बसले होते. आवाज आला तेव्हा त्यांना आधी बॉयलरच फुटल्यासारखं वाटलं आणि ते जमिनीवर आडवे झाले. डोकं वर काढलं तर बॉयलर जागेवर होता आणि गॅसघराच्या छपराचे पत्रे हवेतून हळू हळू खाली येत होते. पिंपळाची पानं पडावीत तसे. ते पळत सुटले. दारातून वाफ आणि कॉस्टिकचा उग्र वास येत होता. मुंजाजी आणि त्यांनी सटवाजीला बाहेर ओढून काढलं. सटवाजी शुद्धीवर होता. तोंडावर, छातीवर कॉस्टिकचं पाणी उडालं होतं. डोळे मिटलेले. त्याच्या अंगावर घागरीमागून घागरी पाणी ओतत असताना तो एवढंच म्हणाला, "दादा, मी कायबी केलं न्हाई. मी नुस्ता हुभा होतो."

संध्याकाळच्या आत सरकारी दवाखान्यात त्याचा जीव गेला.

काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. एका टाकीतल्या हायड्रोजनच्या बाजूच्या पत्र्याचा एक पांढरा बोल्ट आपोआप तुटला होता. पत्रा एका अंगाला कलंडला, त्यानं मधला पडदा फाडला, दोन्ही वायू एक झाले आणि पत्र्याला पत्रा लागून ठिणगी उडाली. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. प्रश्न एवढाच होता, की बोल्ट का तुटला.

चौकशीला बसलेल्या साहेबांनी विचारलं, बोल्ट कुणी बसवले? दत्तरावांनी. माल कसा होता? किशनरावांनी कागद दाखवला, माल उत्तम, साध्या लोखंडापेक्षा दुपटीनं ताकदवान. मग उत्तम माल जागच्या जागी कसा तुटला? कुणीतरी म्हणालं, दत्तरावचा हात फार घट्ट. ते बोलणारा काही वाईट हेतूनं बोलला नव्हता. कारखान्यात सगळेच तसं म्हणायचे. पण त्या खोलीत तेच बोलणं वेगळं ऐकू आलं. सगळ्यांनी दत्तरावांकडं बघितलं.

"तुम्ही प्रमाणाबाहेर आवळले होते का?"

"न्हाई साहेब. ज्या जागी थांबावं त्या जागी थांबलो."

"ती जागा कशी कळते तुम्हाला?"

"हाताला कळतं."

साहेबांनी मान हलवली. हाताला कळतं, यावर पुढं काय विचारणार? दत्तरावांना आणखी एक सांगायचं होतं. तुटलेला बोल्ट त्यांनी बघितला होता. जादा आवळून तुटलेल्या बोल्टाची मान ओढून बारीक झालेली असते. याची झाली नव्हती. तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकत होती, दाणे दाणे. असं तुटलेलं त्यांनी शेडमध्ये कधी बघितलं नव्हतं. पण ते बोलता बोलता थांबले. पांढऱ्या धातूचं त्यांना काय माहीत? लोखंड जिथं सांगतं तिथंच हा धातूही सांगतो, हे कुणी ठरवलं? कदाचित याची थांबायची जागा आधीच येऊन गेली असेल आणि आपल्याला कळली नसेल.

हा विचार एकदा डोक्यात शिरला, तो निघेना.

तेराव्याला सरजाबाई गीताबाईच्या ओट्यावर येऊन बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. दत्तराव आत होते, ती बाहेरूनच बोलली.

"दादा, लोक काय बी बोलायलेत. मी तुमालाच इचारते. तुमी जास्त पिळलं का?"

दत्तराव दारात आले. न्हाई असं म्हणणं सोपं होतं. गीताबाईही डोळ्यांनी तेच सांगत होती. पण त्यांच्या तोंडातून निघालं ते असं, "मला म्हायती न्हाई, माय."

सरजाबाई उठली आणि पदर सावरून निघून गेली. त्यानंतर तिच्या घरून वाटी आली नाही. दत्तरावांच्या घरूनही गेली नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

किशनरावांनी त्यांना गॅसघरातून काढून दुसरीकडं काम दिलं. ते बरंच झालं असं त्यांना आधी वाटलं, पण हाताचं जे व्हायचं ते तिथंही झालं. वाफेच्या पाइपाचा जोड बसवला, तो गळायला लागला. परत आवळला, परत गळला. कुणीतरी हसून म्हणालं, "दत्तरावनं आवळलं आन् गळायलं?" दत्तराव पाना ओढायचे आणि ती जागा यायच्या आधीच त्यांचा हात सुटायचा. घरी स्टोव्हची चावी ते घट्ट करीनात. रॉकेल ठिबकून ओट्यावर डाग पडला, तेव्हा गीताबाई चिडली.

"आवं, एवढी चावी तरी नीट लावा की. घर पेटवायचंय का?"

त्यांनी चावीला हात लावला नाही. मग तिनंच उठून चावी लावली आणि मागं वळून न बघता म्हणाली, "तुमच्या हातानं काई झालं न्हाई. मला ठाव हाय."

"तुला कसं ठाव?"

गीताबाईनं फडकं घेतलं आणि ओट्यावरचं रॉकेल पुसायला लागली.

आणीबाणीचे दिवस होते. काम बंद ठेवणाऱ्याकडं वरचे लोक कसे बघतात ते सगळ्यांना माहीत होतं. मालकांचा तगादा लागला, की फुटलेली टाकी सोडून बाकीच्या चालू करा. किशनरावांनी तोड काढली. बोल्ट जादा आवळले गेलेत ना, तर सगळे थोडे थोडे ढिले करू आणि चालू करू. हे काम त्यांनी मुंजाजीला सांगितलं.

मुंजाजी सकाळी गॅसघरात गेला आणि थोड्याच वेळात धावत बाहेर आला. थेट दत्तरावांकडं. हात पुढं केला. तळव्यावर पांढऱ्या बोल्टाचं नुसतं डोकं.

"दादा, शपथ घेऊन सांगतो, मी जोर लावलाच न्हाई. ढिला करायला पाना लावला आन् डोकं हातात आलं."

दत्तरावांनी ते डोकं उलटं करून बघितलं. खडीसाखर. तीच चमक, तेच दाणे.

पहिल्यांदा त्यांच्या मनात जे आलं ते सुटकेसारखं होतं. नुसत्या ढिला करण्यानं तुटतो, म्हणजे दोष हातात नाही, मालात आहे. आणि लगेच त्याची शरम वाटली. सटवाजी मातीत गेला आणि आपण इथं उभं राहून सुटलो सुटलो म्हणतोय. ते मुंजाजीला घेऊन किशनरावांकडं गेले.

"साहेब, टाक्या चालू करू नका. अजून एकाची पाळी यील."

किशनरावांनी ते डोकं हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. बोल्ट निवडले कुणी, ते त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं. टाक्या चालू करणार नाही असं मालकांना सांगणं सोपं नव्हतं, पण त्यांनी सांगितलं. आणि ओळखीनं पुण्याहून पंडित नावाच्या एका धातुतज्ज्ञाला बोलावून घेतलं.

पंडित साहेब पन्नाशीचे, बारीक अंगाचे, पोटाच्या दुखण्यानं हैराण झालेले. फक्त ताक पिऊन राहायचे. त्यांनी सगळ्या टाक्यांचे बोल्ट काढायला लावले आणि दोन वेगळ्या डब्यांत ठेवायला सांगितलं, हायड्रोजनच्या बाजूचे एका डब्यात, ऑक्सिजनच्या बाजूचे दुसऱ्यात. ही दोन डब्यांची गोष्ट कुणालाच आधी सुचली नव्हती.

मग वर्कशॉपमध्ये त्यांनी ऑक्सिजनच्या बाजूचा एक बोल्ट व्हाइसच्या जबड्यात धरायला लावला. तो काळवंडला होता. मुंजाजीनं हातोडा मारला. बोल्ट वाकला. आणखी मारला, आणखी वाकला, पण तुटला नाही. मग हायड्रोजनच्या बाजूचा धरला. तो पांढरा, नवाकोरा दिसत होता. एका घावात कट्कन दोन तुकडे. दुसरा घेतला, तसाच. तिसऱ्याच्या वेळी मुंजाजीनं हातोडा खाली ठेवला.

"हे दोन्ही कुणी बसवले?" पंडितांनी विचारलं.

"मी," दत्तराव म्हणाले.

"एकाच हातानं?"

"एकाच."

"मग हाताचा दोष असता तर दोन्ही बाजूंचे तुटले असते." पंडितांनी तुकडा उजेडात धरला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. त्यांची सांगायची पद्धत सावकाश होती. "हायड्रोजन जन्मतो तेव्हा एकेकटा असतो. पाणी फुटतं तिथंच, धातूच्या अंगावर. मग त्याला शेजारी दुसरा भेटतो, दोघांची जोडी जमते आणि बुडबुडा होऊन वर जाते. तो तुमचा गॅस. पण जोडी जमायच्या आत काही एकेकटे धातूतच शिरतात. ते इतके लहान असतात, की धातू त्यांना अडवत नाही. तुमचे बोल्ट पत्र्यालाच जोडलेले, त्याच पाण्यात, म्हणजे त्यांच्या अंगावरही हायड्रोजन सुटत होता. रात्रंदिवस."

"आत जाऊन काय करतो त्यो?" मुंजाजीनं विचारलं.

"हे दाणे दिसतात ना? धातू असाच असतो, दाण्याला दाणा चिकटलेला. हायड्रोजन सरकत सरकत दाण्यांच्या सांध्यांत जातो, आणि जिथं ताण जास्त असेल तिथं गोळा होतो. सांध्यांची पकड सुटते. मग बोल्ट ताणत नाही, वाकत नाही, आधी कळवत नाही. सांध्यासांध्यानं सुटत जातो आणि एक दिवस तुटतो. निकेलचा आणि त्याच्या मिश्रणांचा हा जुना रोग आहे. त्यात हा माल तापवून कडक केलेला. मऊ धातू थोडा वाकून ताण सोडून देतो, कडक धातू सगळा ताण धरून बसतो. आणि मला वाटतं यात गंधकाचा अंश निघेल. तपासून बघतो. गंधक सांध्यांत बसलं, की सांधा आधीच कच्चा, शिवाय ते एकेकट्यांची जोडी जमू देत नाही. मग आत शिरणारे वाढतात."

किशनराव खालच्या आवाजात म्हणाले, "गंजू नये म्हणून मी हे घेतले."

"ते गंजले नाहीतच," पंडित म्हणाले. "साधं मऊ लोखंड वापरा. गंजेल. पण गंज डोळ्याला दिसतो, तो दिसला की बदला."

सगळे पांगले. दत्तराव मागं राहिले. पंडित ताकाचा पेला तोंडाला लावत होते.

"साहेब, एक इचारायचं होतं. मी जर ढिलं ठेवलं असतं, तर त्यो तुटला असता का?"

पंडितांनी पेला खाली ठेवला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. "ताण असल्याशिवाय तुटत नाही. पण ताण घेण्यासाठीच बोल्ट असतो. तुम्ही आवळलात तसाच कुणीही शहाणा फिटर आवळेल. कमी आवळला असता तरी तुटलाच असता." मग पेला परत उचलत म्हणाले, "कदाचित थोडा उशिरा."

हे शेवटचे तीन शब्द ते बोलले नसते तर बरं झालं असतं, असं गीताबाई पुढं कित्येकदा म्हणाली. पण ते बोलले, आणि दत्तरावांनी ते ऐकले.

कारखान्याच्या अहवालात धातूतला दोष असं लिहून आलं. कुणावर ठपका नाही. किशनरावांनी आपणहोऊन त्यात घालायला लावलं, की बोल्टाची निवड त्यांची होती. दत्तरावांना सगळ्यांनी सांगितलं, तुमी सुटलात. संध्याकाळी ते हातपाय धुऊन गीताबाईला म्हणाले, "चल. सरजाबाईकडं जाऊन येऊ."

सरजाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. दत्तराव उंबऱ्याजवळ उकिडवे बसले आणि पंडितांनी सांगितलं ते सगळं त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं. एकेकटा वायू, दाण्यांचे सांधे, दोन डबे. सरजाबाईचं सूप हलत राहिलं.

"म्हंजी कुनाचीच चूक न्हाई," ती म्हणाली.

"तसंच म्हन्त्यात."

"मंग मानूस मेला कसा?"

गीताबाई म्हणाली, "बाई, ह्येंचा तरी त्यात..."

"थांब," दत्तराव म्हणाले. "अजून एक हाय. मी साहेबांना इचारलं, ढिला ठेवला असता तर? ते म्हनले, तरी तुटला असता. पन थोडा उशिरा."

सूप थांबलं. गीताबाईनं डोळे मिटून घेतले. हे सांगायची काही गरज नव्हती.

"उशिरा म्हंजी किती?" सरजाबाईनं विचारलं.

"ते सांगता येत न्हाई."

"म्हैना?"

"म्हायती न्हाई, माय."

"दिवाळीपातूर?" तिचा आवाज पहिल्यांदाच चिरला. "थोरलीला यंदाच्या दिवाळीला आजोळी घिऊन जायचं म्हनत होते. तेवढं तरी झालं असतं का?"

दत्तरावांनी खाली सांडलेले ज्वारीचे दाणे वेचून सुपात टाकले. अंधार पडायला लागला तशी सरजाबाई उठली, सूप आत ठेवलं आणि दार लोटून घेतलं. दोघं नवरा-बायको उठून घरी निघाली. वाटेत गीताबाई म्हणाली, "कामून सांगितलं?" दत्तराव म्हणाले, "तिनं मला आधी इचारलं होतं. तवा मला म्हायती नव्हतं. आता हाय."

पावसाळा सरता सरता गॅसघराचं छप्पर परत घातलं. कारखान्यानं सरजाबाईला तुपाचे डबे भरायच्या खात्यात कामाला घेतलं होतं. डोक्यावर पदर बांधून ती ओळीत बसायची आणि कुणाशी फारसं बोलायची नाही. नवे बोल्ट आले. साध्या लोखंडाचे, काळे, वर तेलाचा हात दिलेले. किशनराव म्हणाले, "दत्तराव, हे तुम्हीच बसवा."

"मुंजाजी बसवील साहेब."

"मुंजाजी पत्रा धरेल. तुम्ही बसवा."

दत्तराव आत गेले. पत्रा टांगला, नट फिरवला, पाना लावला. ओढलं, सोडलं, परत ओढलं. मुंजाजी दोन्ही हातांनी पत्रा तोलून धरून उभा होता, त्याच्या कपाळावर घाम आला. जेवणाची सुट्टी झाली, तरी पहिला बोल्ट पुरता बसला नव्हता.

दारात कुणीतरी आलं. सरजाबाई होती. गॅसघरात बायकांना यायची मनाई होती, ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. टाक्यांकडं, नव्या छपराकडं तिनं बघितलं. सटवाजी जिथं उभा राहायचा त्या जागेकडंही बघितलं असेल. मग दत्तरावांच्या हातातल्या पान्याकडं बघून म्हणाली,

"मिस्त्री, ढिलं ठिऊ नका. हितं आता दुसऱ्या कुनाचा तरी नवरा बसनार हाय."

आणि निघून गेली.

दादा नव्हे, मिस्त्री. दत्तरावांना ते कळलं. मुंजाजीलाही कळलं, त्यानं मान दुसरीकडं वळवली. दत्तरावांनी तळहात पँटला पुसले, पाना परत लावला आणि ओढला. लोखंड हळूहळू उलट ओढायला लागलं. तिथं ते थांबले. थांबून मुंजाजीला म्हणाले, "तू बी हात लावून बघ." मुंजाजीनं बघितलं. "बरोबर हाय दादा." मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक बोल्टाला त्यांनी मुंजाजीचा हात लावायला लावला. हे त्यांनी नंतरही सोडलं नाही. आपण आवळलेलं दुसऱ्यानं बघितल्याशिवाय ते पुढं जायचे नाहीत आणि त्यामुळं त्यांचं काम आधीपेक्षा सावकाश व्हायचं. नवी पोरं कुरकुरायची. ते ऐकून घ्यायचे.

किशनराव वर्षाच्या आत नोकरी सोडून नाशिककडं गेले. मालकांशी त्यांचं पुन्हा जमलं नाही असं लोक म्हणत. जायच्या दिवशी ते वर्कशॉपमध्ये आले होते, सगळ्यांचा निरोप घेतला, दत्तरावांपाशी जरा जास्त वेळ उभे राहिले.

सरजाबाईच्या थोरलीचं लग्न अठ्ठ्याहत्तर साली झरीला झालं. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावणं होतं, दत्तरावांनाही. मांडवाचे बांबू उभे करायला माणसं कमी पडत होती, म्हणून ते आदल्या दिवशीच गेले आणि दिवसभर काथ्याच्या गाठी मारत राहिले. सरजाबाई एकदा पाणी घेऊन आली, एकदा चहा. दुपारी वारा सुटला तेव्हा ती मांडवाखाली येऊन उभी राहिली, वर गाठींकडं बघितलं आणि दत्तरावांनी बांधलेला एक खांब धरून हलवून पाहिला. तो पक्का होता. मग पुढच्या खांबाकडं गेली.